ब्लॉकखालचं चिकन चॉप: आठ महिने खाल्ल्यानंतर

सिंगापुरात क्लेमेंटीला राहायला आलो तेव्हा आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपातला ‘वेस्टर्न फूड’चा स्टॉल मी बरेच दिवस नुसता येता-जाता बघत होते. कॉफीशॉप म्हटल्यावर पुण्या-मुंबईचं कॅफे डोळ्यांसमोर आणू नका. इथे ती बाजूंनी उघडी, वर पंखे गरगरणारी जागा असते. पेयांचा स्टॉल सहसा मालकाचा, बाकीचे भाड्याने दिलेले. एका गुरुवारी ऑफिसातून यायला उशीर झाला, पोळ्या लाटायचं त्राण नव्हतं, म्हणून चिकन चॉप घेतलं. तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही तिथेच जेवतो.

सुरुवातीला साडेसात डॉलर होते, आता आठ. सोबत फ्राइज, कोलस्लॉ, थोडे बेक्ड बीन्स आणि मार्गरीन लावून भाजलेला छोटा पाव. रेस्टॉरंटात मेन्यूवर 20 डॉलर दिसले, तरी 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर 9 टक्के जीएसटी लागून बिल 24 च्या घरात जातं. इथे पाटीवर असेल तेवढेच द्यायचे.

पण नुसतं स्वस्त आहे म्हणून आठ महिने कोणी एकच पदार्थ खात नाही. मांडीचा, हाड काढलेला तुकडा स्टॉलवाले अंकल कातडीची बाजू खाली करून तव्यावर टाकतात, वर जड लोखंडी वजन ठेवतात आणि मग त्याला हात लावत नाहीत. कातडीखालची चरबी वितळून कडेने तडतडत राहते. ताटात आल्यावर सुरी लावली की आधी कुरकुरीत पापुद्रा फुटतो, मग आतला रस वाहतो. हे मला एकदाही बिघडलेलं मिळालेलं नाही.

काळ्या मिरीचा सॉस मात्र पहिले दोन-तीन वेळा पटला नाही. दाट, गोडसर, सोया सॉसच्या चवीचा. मग इथल्या एका शेजारणीने सांगितलं, की हे जेवण हैनानी स्वयंपाक्यांचं. ब्रिटिश काळात ते साहेबांच्या घरी आणि जहाजांवर रांधायचे, पुढे त्यांनी तेच आपल्या चवीने विकायला घेतलं. गोव्यात पोर्तुगीजांच्या पावाची पोई झाली, तसंच हे. त्यानंतर मी त्यात विलायती चव शोधणं सोडलं आणि सॉस आवडायला लागला. तरी मीठ जास्तच असतं, म्हणून बाजूला मागून घ्या.

फिश अँड चिप्स दोनदा घेतलं, आता घेत नाही. मासा फ्रोझन, चिरला की पाणी सुटतं. सुरमई-पापलेटवर वाढलेल्यांना ते चालायचं नाही. पार्सलही नको, घरी पोचेपर्यंत फ्राइज मऊ पडतात.

शाकाहारी माणसाला इथे काहीच नाही, हे मात्र मनाला लागतं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा फ्राइज तरी घेऊ म्हटलं, तर अंकलनी आपणहून सांगितलं की तेल माशाचं आणि पोर्कचं एकच आहे. त्यांच्या या प्रामाणिकपणाचा मला फार आदर वाटला. पेयांच्या स्टॉलवरचा काया टोस्टही बाद, कारण काया या गोड जॅममध्ये नारळाच्या दुधाबरोबर अंडं असतं. शेवटी सासूबाईंनी साधा बटर टोस्ट खाल्ला आणि कोपी सिउ दाई, म्हणजे कमी गोड कॉफी, दोन कप प्यायल्या.

जायचं तर सातच्या आत जा. तव्यावर एका वेळी सहाच तुकडे बसतात, आणि रांग कितीही वाढली तरी अंकल वजन लवकर उचलत नाहीत.