मर्लिन ॲप आणि वटवट्यांचे फोटो: एक अख्खा सीझन वापरून झाल्यावर

सप्टेंबरपासून मर्लिन सतत वापरतोय, भांडुप पंपिंग स्टेशन आणि बोरिवली नॅशनल पार्कात काढलेल्या फोटोंसाठी. पक्षी ओळखून देणारं अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅबचं ॲप आहे, फुकट, भारतातल्या पक्ष्यांचा पॅक आधी उतरवून ठेवला की नेटवर्क नसलं तरी चालतं. दयाळ-शिंजीर ओळखायला मला त्याची गरज नाही, मला हवे असतात ते वटवटे, म्हणजे हिवाळ्यात येणारे तपकिरी-हिरवट वॉर्बलर, पानाआड क्षणभर दिसतात आणि गायब.

फोटो टाका, पक्षी चौकटीत नीट बसवा, जागा आणि तारीख द्या, संभाव्य नावं येतात. जागा-तारीख खरी द्या हं, कारण तिथे त्या दिवसांत कोण दिसतं ते ई-बर्डच्या, म्हणजे पक्षीनिरीक्षकांनी टाकलेल्या ऑनलाइन नोंदींवरून बघितलं जातं.

पण खरा खेळ फोटोचा आहे. बूटेड आणि साइक्स, हे दोघं वॉर्बलर पूर्वी एकच जात मानले जायचे, आता सांगा एका फोटोत काय कळणार! साइक्सची चोच लांब आणि तिचा खालचा भाग फिका, बूटेडच्या खालच्या चोचीच्या टोकाला काळपट छटा, म्हणजे चोच बाजूने आणि शार्प हवी. पर्णवटवट्यांचं, म्हणजे लीफ वॉर्बलरचं, अजून अवघड, ते झाडावर उंच आणि आपण खाली, सगळे फोटो पोटाचे! त्यांच्यातल्या वेस्टर्न क्राउन्डच्या डोक्यावरचा फिका पट्टा दिसायला त्याने मान खाली घालायला हवी. त्यांच्यातल्याच ग्रीनिशच्या पंखावरची बारीक रेघ सीझन संपेपर्यंत झिजून जाते, त्यामुळे रेघ नाही म्हणून ग्रीनिश नाही असं धरू नका. आणि रंगावर तर अजिबात जाऊ नका, दाट पानांत राखाडी पक्षीपण हिरवा येतो, संध्याकाळच्या उन्हात साधा ब्लाइथ्स रीड वॉर्बलर तांबूस दिसतो.

म्हणून एकच फोटो टाकून पहिलं नाव उचलू नका, त्याच पक्ष्याचे वेगवेगळ्या बाजूंचे फोटो टाका, आणि पक्षी दिसत नसला तरी मोबाईलवर आवाज घ्या. ब्लाइथ्स रीड झुडपातून 'चक् चक्' करतो, तेवढ्यावर निम्मं काम होतं. ग्रीनिशचा आवाज दोन तुकड्यांत, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या ग्रीन वॉर्बलरचा बहुतेक वेळा तीन तुकड्यांत. या दोघांत मी फोटोवर निर्णय घेतच नाही, आवाज मिळाला नाही तर ई-बर्डवर जातीचं नाव न देता नुसता पर्णवटवट्या म्हणून नोंदवतो.