असाकुसातील सेंतो: हॉस्टेलवासीयांची न्हाणी

टोकियोतील असाकुसा भागात आम्ही ज्या स्वस्त हॉस्टेलमध्ये उतरलो होतो, तिथे सोळा जणांमागे दोनच शॉवर होते आणि त्यांच्या जाळीत आदल्या दिवशीचे केस तसेच अडकलेले असत. म्हणून तिसऱ्या दिवशी जवळच्या सार्वजनिक स्नानगृहाची, म्हणजे सेंतोची, वाट धरली. शुल्क ५५० येन. गरम पाण्याच्या हौदात उतरण्यापूर्वी बुटक्या स्टुलावर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवावेच लागते, आणि तिथल्या पिवळ्या प्लास्टिकच्या भांड्याने डोक्यावर पाणी ओतताना घरच्या तांब्याची आठवण झाली. परक्यांसमोर विवस्त्र होण्याचा संकोच (स्त्री-पुरुषांचे विभाग अर्थातच वेगळे) पाच मिनिटांत ओसरला. पाणी मात्र अंमळ जास्तच कढत होते, आणि पंचा विकत घ्यावा लागला, तेव्हा आपला सोबत नेलेला बरा.