विरुद्धार्थी इंग्रजी शब्द: तक्त्यावरून की हातातल्या वस्तूंवरून?

मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, आणि आज साताऱ्यात लहान मुलांच्या वर्गात गेले की भिंतीवर ‘बिग–स्मॉल, हॉट–कोल्ड’ अशा जोड्यांचा तक्ता हमखास दिसतो. तक्त्याचा फायदा खरा आहे: सारा वर्ग एका सुरात दहा जोड्या म्हणतो, उच्चार बसतात आणि लाजरे मूलही घोळक्यात तोंड उघडते. मात्र त्याच मुलाला सुटा शब्द विचारला की ते अडखळते.

वस्तू हातात देऊन शिकवायला वेळ लागतो. तरीही कंदी पेढ्यांचा भरलेला खोका एका हातात आणि रिकामा दुसऱ्या हातात ठेवला, की ‘फुल’ आणि ‘एम्प्टी’ यांच्याबरोबर ‘हेवी’ आणि ‘लाइट’ही कळतात, मग खिडक्या लावून घेतल्या की त्याच ‘लाइट’ची जोडी ‘डार्क’शी जुळते. ‘ओल्ड’चेही तसेच आहे. आजोबा ‘ओल्ड’ असतील तर विरुद्ध शब्द ‘यंग’, दप्तर ‘ओल्ड’ असेल तर ‘न्यू’. मराठीत म्हातारा आणि जुना हे शब्दच वेगळे असल्याने आपल्या मुलांचा गोंधळ नेमका इथे होतो, आणि एका शब्दासमोर एकच शब्द छापणारा तक्ता तो सोडवू शकत नाही.

म्हणून पहिली-दुसरीत मी वस्तूंनाच पसंती देईन. उजळणीसाठी तक्ता जरूर असावा. फक्त ‘अप’ आणि ‘डाउन’ हे शब्द मुलांनी त्याआधी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चढता-उतरताना म्हटलेले असावेत.