लिटरला किती नाही, कॅरेटला किती: डिझेल पिकअपचे दहा महिने

‘ॲव्हरेज किती देते?’ गाडी दारात लागल्यापासून प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच. भरलेली ११, रिकामी १४. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलेलं. ऐकणारा तोंड वाकडं करतो, कारण माझा आधीचा छोटा हत्ती १७ द्यायचा.

पण मी टोमॅटो विकतो, किलोमीटर नाही. ओतूरहून माळशेज उतरून वाशी मार्केट, जाऊन-येऊन २८० किलोमीटर. छोट्या हत्तीत पाऊण टनाच्या हिशोबानं ३४ कॅरेट, म्हणजे टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट, बसायचे (प्रत्येकी २० किलो माल, वर कॅरेटचं वजन), म्हणजे कॅरेटमागे जवळपास अर्धा लिटर डिझेल. या १.७ टनी पिकअपमध्ये चार थर लावून ७५ जातात. कॅरेटमागे ३०० मिली. लोक नव्वद ठोकतात; मी ठोकत नाही, घाटात ब्रेक माझ्या पायाखाली असतो.

मग टाटाचा मोठा ट्रक, ४०७, का नाही? आबांचा तोच हट्ट होता. तिचं ९ चं ॲव्हरेज धरलं तरी शंभर कॅरेट भरले तर हिशोब पिकअपएवढाच येतो. पण रोज शंभर निघतात कुठे? पावसानं तोडा हुकला, साठच निघाले, की तीच गाडी कॅरेटला अर्धा लिटर पिते. शिवाय आमच्या बांधावरच्या वाटेनं ती वळतच नाही. लायसन्सची अडचण नव्हती. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स, चालतं, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

सीएनजीचा विचार केला आणि सोडला. रात्री माल घेऊन पंपावर रांगेत उभं राहायचं आणि पहाटेचा बाजार हुकवायचा, हे मला जमणारं नाही. शिवाय हे अडीच लिटरचं डिझेल इंजिन कमी आरपीएमलाच जोर धरतं. येताना मात्र गंमत आहे: रिकामे कॅरेट उंच रचले की वारा धरतात आणि १४ चं १३ होतं. आता हौद्याच्या वर जाऊ देत नाही.

रिकाम्या गाडीला मागचे स्प्रिंगचे पाटे फार कडक. खड्ड्यात कंबर बोलते. दुसरं काही बोलायला नको, ते ओझ्यासाठीच बनवलेत.

खरी डोकेदुखी बीएस-६ ची, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची. हंगाम संपल्यावर महिनाभर गाडी गावातल्या गावात शेणखत ओढत होती, तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा, दिवा लागला. जाळीत साठलेली काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, तो तेवढ्यात तापत नाही. शोरूमवाल्यानं गाडी देताना हे सांगितलं असतं तर वर्कशॉपची एक चक्कर वाचली असती. आता बिनहंगामात आठवड्यातून एकदा पुतण्या आळेफाट्यापर्यंत एका चालीत पळवून आणतो. ते डिझेल वरच्या ३०० मिलीत धरलेलं नाही.