पद्मिनीतला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप: आठ महिने आणि एक उन्हाळा

आमची गाडी 1978ची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी. हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात बाबा, काका, ताई आणि मी अकरा वर्षांपासून तिला शर्यतीसाठी तयार करतोय. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर पळणाऱ्या फियाट गाड्यांचे फोटो बाबांनी तरुणपणी पाहिले होते, तिथून हा ध्यास घरात आला. पत्रा, बोअर, हेड, गिअरबॉक्स सगळं जमलं. अडलं पेट्रोलपाशी.

मागच्या वर्षी मे महिन्यात गावाबाहेरच्या मुरमाड पडीत सराव चालू होता. दुसऱ्या फेरीतच गाडी धापा टाकून बंद पडायची. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) तीनदा खोलला, ठिणगीचे पॉइंट बदलले, कॉइल बदलली. शेवटी बाबा म्हणाले, "इंजिनात काही नाही रे, त्याले पेट्रोलच भेटून नाही रायलं." मूळ पंप इंजिनच्या ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला असतो. ब्लॉक तापला की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ त्या पंपाला ओढता येत नाही. काका त्यावर ओलं फडकं ठेवायचे. बाजाराला जाण्यापुरतं ते चालतं, शर्यतीत नाही.

दिवाळीत इलेक्ट्रिक पंप बसवला, मागे टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली. हे पंप ढकलतात छान, ओढतात कमी, म्हणून जागा महत्त्वाची. मागे गारवा असतो, शिवाय नळीत दाब राहिल्याने पेट्रोल सहज उकळत नाही.

आमची मोठी चूक मात्र सांगायलाच हवी. पहिला पंप घेतला तो इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीचा. त्याचा दाब एवढा, की कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करणारी फ्लोटची सुई तो अडवू शकली नाही आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल तापलेल्या इंजिनवर सांडलं. आग लागली नाही, हे नशीब. कार्ब्युरेटरला 2 ते 3 पीएसआय (दाबाचं एकक) पुरतात. गेज लावून मोजल्याशिवाय गाडी चालू करू नका.

वायरिंग ताईने केलं, ती आयटीआयची इलेक्ट्रिशियन. पंपाचा रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) तिने ऑइल प्रेशर स्विचवरून नेला, कारण ऑइलचा दाब इंजिन चालू असेपर्यंतच राहतो. गाडी उलटली, इंजिन थांबलं, की पंपही थांबतो. स्टार्टर मारताना ऑइलचा दाब नसतो, म्हणून तेवढ्यापुरती वीज स्टार्टरकडून येते. हा भाग वगळून कुणी पंप बसवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

या मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना गाडी सलग दहा फेऱ्या पळाली. तापलेली गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, दुसऱ्या झटक्याला सुरू. पूर्वी अर्धा तास थांबावं लागायचं. दहावी फेरी संपली तेव्हा बाबा बांधावर नुसते उभे होते, काही बोलले नाहीत.

पंपाची टिकटिक आत ऐकू येते; खाली रबर घातल्यावर कमी झाली. फिल्टर दर महिन्याला पाहावा लागतो, जुन्या टाकीतला गंज सुटून येतो. इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या मऊ पडल्या होत्या, त्या सगळ्या बदलल्या.

आता नवीनच गोष्ट समोर आलीय. गाडी इतका वेळ कधी पळालीच नव्हती, म्हणून ब्रेक तेवढे कधी तापले नव्हते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. आठव्या फेरीपासून ब्रेकचं पेडल खाली जातं. काकांनी पुढचे ड्रम काल उतरवलेत, पोळ्याआधी ते लेथवर न्यायचेत.