विजेवरची छोटी घासणी : काय निघते आणि काय निघत नाही

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीआधी, उजव्या मनगटाचे जुने दुखणे पुन्हा डोके वर काढू लागल्यामुळे, मी विजेवर भारित होणारी एक छोटी घासणी मागवली आणि आता जवळजवळ अकरा महिने ती वापरल्यानंतर तिच्याविषयी लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसणारी ही यंत्रे वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि माझ्या खोक्यावरचे नाव आज शोधले तर सापडतही नाही. मी 1,350 रुपये मोजले. त्यात मूठ, चार डोकी आणि चार्जिंगची वायर आली.

यंत्राचे रूप विजेच्या दात घासायच्या ब्रशसारखे आहे, फक्त मूठ मनगटाएवढी जाड आणि डोके अधिक दणकट. ते डोके गोल फिरत नाही, तर लहानशा कमानीत झपाट्याने मागे-पुढे हलते, आणि खरेदी करताना बघायची पहिली गोष्ट हीच आहे असे मी म्हणेन. माझ्या जाऊबाईंकडे लांब दांड्याची, गरगर फिरणारी मोठी घासणी आहे; मोकळ्या फरशीवर ती उत्तम चालते, पण बेसिनच्या कोपऱ्यात लावताच तिने काळे पाणी भिंतीवर, आरशावर आणि आम्हा दोघींच्या कपड्यांवर उडवले. मागे-पुढे हलणारे डोके शिंतोडे फार कमी उडवते, खाचेतून बाहेर घसरत नाही आणि त्याची टोकदार आवृत्ती नळाच्या बुडाशी जिथे बोटही जात नाही तिथे शिरते. मात्र त्याचा आवाका दोन बोटांएवढाच असल्यामुळे सगळे न्हाणीघर त्याने घासायला निघणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. आमच्याकडे केर-फरशीला येणाऱ्या मावशींनी एकदा ते हातात घेऊन पाहिले आणि दोन मिनिटांत परत दिले. “ताई, ह्याच्यानं घासत बसले तर पुढची दोन घरं कोण करील?” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या कामाच्या हिशेबाने ते शंभर टक्के खरे आहे.

सर्वांत जास्त उपयोग मला न्हाणीघरातील फरशांच्या सांध्यांसाठी झाला. दोन फरशांमध्ये भरलेले पांढरे सिमेंट सच्छिद्र असते. साबणाचा चिकटा, अंगाचा मळ आणि पावसाळ्यातली बुरशी त्यात मुरते, त्यामुळे फरशी लखलखीत असली तरी सांधे काळपट दिसत राहतात. मी खाण्याचा सोडा आणि भांडी घासायचा द्रवसाबण कालवून त्याचा लगदा सांध्यांवर लावला, दहा मिनिटे तसाच ठेवला आणि एक मीटर सांधा जुन्या दातांच्या ब्रशाने व शेजारचा एक मीटर यंत्राने घासून पाहिला. हाताने नऊ मिनिटे लागली, यंत्राने चार. स्वच्छतेत फरक अगदी थोडा होता, पण चार मिनिटांनंतर माझे मनगट ठणकत नव्हते आणि पुढचा मीटर करण्याची तयारी होती, हा फरक मात्र मोठा. नंतर लगदा न लावता, नुसते पाणी टाकून तोच प्रयोग केला, तेव्हा यंत्राने सहा मिनिटांनंतरही सांधा अर्धवट काळाच राहिला. तेव्हापासून मी आधी लगदा, मग दहा मिनिटे दुसरे काम आणि शेवटी घासणी हा क्रम सोडलेला नाही.

हीच गोष्ट नळावरच्या पांढऱ्या खरपुड्यांबाबत आणखी ठळकपणे दिसते. आमच्या इमारतीला बोअरचे पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकरचे. असे जड पाणी वाळले की त्यातील कॅल्शियमचे क्षार नळाच्या तोंडावर व बुडाशी दगडासारखे बसतात. या थरावर यंत्र कितीही वेळ चालवले तरी नायलॉनचे केस त्याला फक्त गुळगुळीत करतात, कारण तो थर केसांपेक्षा कितीतरी कठीण असतो. त्याला आम्लच हवे. पाव लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून, त्यात भिजवलेले फडके नळाभोवती वीस मिनिटे गुंडाळून ठेवले, की बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि थर ठिसूळ होतो. त्यानंतर टोकदार डोके अर्धा मिनिट फिरवले तरी तो भुगा होऊन गळून पडतो. लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर नळावरची चकाकी मंदावते.

येथे आपल्याकडच्या घरांसाठी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. जे आम्ल नळावरचा क्षार विरघळवते तेच चुनखडीच्या दगडालाही विरघळवते, आणि मराठी घरांत वर्षानुवर्षे वापरात असलेली शहाबादी फरशी, कोटा आणि ओट्याचा काळा कडप्पा हे तिन्ही चुनखडीचेच दगड आहेत. संगमरवराचीही तीच गत, आणि जुन्या मोझेक फरशीत तर सिमेंटही असते व संगमरवराचे तुकडेही. माझ्या आईच्या घरी कडप्प्याच्या ओट्यावर बेसिनच्या कडेला लिंबाचे पाणी सांडून राहिले होते आणि त्यावर मी उत्साहाने यंत्र फिरवले. आता तिथे तळहाताएवढा राखाडी, निस्तेज डाग आहे, जो तेल चोळल्यावर दोन दिवस झाकला जातो आणि पुन्हा उघडा पडतो. तेवढीच जागा हाताने घासली असती तर कदाचित इतके खोल गेले नसते. फरशांमधल्या सिमेंटवरही आम्ल वारंवार वापरू नये, कारण सांधा हळूहळू खरवडला जातो.

दुसरा इशारा जिवाशी संबंधित आहे. बुरशी घालवण्यासाठी आपण ब्लीच वापरतो आणि संडास धुण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर आणि ब्लीच यांच्या बाबतीतही तोच धोका आहे. विजेच्या घासणीमुळे तो वाढतो असे मला वाटते, कारण आपण बंद न्हाणीघरात खाली वाकून, तोंड खाचेजवळ नेऊन काम करत असतो आणि केसांत आधीच्या द्रावणाचा अंश राहिलेला असतो. डोकी पुरेशी होती तोवर मी ब्लीचसाठी एक डोके पूर्णपणे वेगळे ठेवले होते आणि त्याच्या दांडीला लाल दोरा बांधला होता. शिंतोडे थोडे असले तरी असतातच, तेव्हा चष्मा घालून काम करावे.

सरकत्या खिडकीच्या खाचा हे या यंत्राचे दुसरे खरे क्षेत्र. आधी कोरडी धूळ कुंचल्याने किंवा व्हॅक्यूमने काढावी, कारण आधीच पाणी ओतले तर तिचा चिखल होतो आणि यंत्र तो चिखल नुसता इकडून तिकडे ढकलत बसते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत बाहेरच्या अंगाला पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके ठेवलेली असतात. ती कबुतरांची पिसे आणि मातीने बुजली की पावसाळ्यात खाच भरून पाणी घरात उतरते. टोकदार डोके तिथे बरोबर बसते. या जूनमध्ये आमच्या दिवाणखान्याच्या खिडकीखाली प्रथमच पोते अंथरावे लागले नाही.

स्वयंपाकघरात अनुभव संमिश्र आहे. मिक्सरच्या भांड्याचे बूड, कुकरच्या झाकणातील रबरी रिंगची खाच, किसणी, पुरणयंत्राची जाळी आणि सोऱ्याच्या चकतीतील चांदणी या पाच ठिकाणी ते इतके चांगले चालते की त्यासाठी मी एक डोके फक्त खाण्याच्या भांड्यांपुरते राखून ठेवले आहे. पुरणयंत्राची जाळी पूर्वी मी टाचणीने टोकरत बसत असे. याउलट एक्झॉस्ट पंख्यावरचा मेणचट थर त्याला अजिबात दाद देत नाही. फोडणीच्या तेलाचा वाफेबरोबर उडालेला अंश हवेतील प्राणवायूमुळे हळूहळू घट्ट होतो आणि वार्निशसारखा चिकटून बसतो. त्यावर घासणी चालवली की केसच चिकटतात आणि मग घासणी धुण्याचे काम वाढते. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात पाती भिजत घालणे हाच त्यावरचा उपाय, पण पाती किंवा चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर तोही करू नये, कारण सोड्याने ॲल्युमिनियम काळे पडते. कढत पाण्यात घासणी बुडवल्यावर नायलॉनचे केस मऊ पडून वाकतात. माझे गोल डोके असेच फुलून निकामी झाले.

देवघरातील पितळेबाबत मात्र माझे मत पूर्ण अनुकूल आहे. समईच्या कळशीखालचे कंगोरे, घंटेच्या दांडीवरचे नक्षीकाम आणि निरांजनाच्या पाकळ्यांमधली काजळी यांत चिंच-मीठ किंवा पितांबरी लावून बारीक डोके फिरवले की हिरवट गंज आणि तेलाचा काळा थर दोन्ही निघतात. चिंच फार वेळ ठेवू नये, कारण आम्लामुळे पितळेतील जस्त पृष्ठभागावरून निघून जाते आणि तांब्याची गुलाबी झाक वर येते. चांदीच्या मूर्तींना, विशेषतः नुसता मुलामा असलेल्या वस्तूंना, यंत्र लावू नये. चांदी मऊ असते, आणि पावडरीचे कण केसांबरोबर फिरताना मूर्तीचे नाक-डोळे झिजवतात. हे मी लावून पाहिलेले नाही. आजेसासूबाईंची अन्नपूर्णा हातात घेतल्यावर तेवढी अक्कल मला सुचली.

आता यंत्राविषयी. खोक्यावर आयपीएक्स 7 असे लिहिले आहे, म्हणजे एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात तीस मिनिटे बुडाले तरी आत पाणी जाऊ नये. त्यातील एक्सचा अर्थ धुळीपासून बचावाची परीक्षा नोंदवलेली नाही इतकाच होतो, आणि सातच्या अंकातून साबणाच्या किंवा गरम पाण्याविषयी, तसेच जेटच्या धारेविषयी काहीही हमी मिळत नाही. शिवाय हे सगळे चार्जिंगच्या भोकावरचे रबरी बूच नीट बसलेले असेल तरच. माझे बूच सातव्या महिन्यात सैल झाले, एकदा आत पाणी गेले आणि मूठ दोन दिवस उन्हापासून दूर, पंख्याखाली ठेवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली हे नशीब. विक्रेत्याला बूच पाठवण्याविषयी तीन वेळा लिहिले, उत्तर आले नाही. सध्या मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला आहे.

बॅटरी नवी असताना एका भारात पन्नास मिनिटे चालत असे, आता पस्तीस. घरातल्या कोणत्याही एका बैठकीला ते पुरते, कारण पस्तीस मिनिटांनंतर आपलीच कंबर आधी तक्रार करते. पण बॅटरी आत कायमची बसवलेली असल्यामुळे ती थकली की चांगली मोटरसुद्धा इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात जाणार. अमेरिकेत माझ्या भावाकडे रबरमेडचे याच जातीचे यंत्र आहे. ते चार पेन्सिल सेलवर चालते आणि त्याचे डोके सेकंदाला साठ वेळा हलते असा कंपनीचा दावा आहे. वेग मी मोजलेला नाही, पण सेल बदलता येण्याची सोय मला त्या दाव्यापेक्षा अधिक मोलाची वाटते, आणि आज पुन्हा खरेदी करायची झाली तर मी तशाच रचनेचे यंत्र शोधीन. दाबून घासण्याची सवय मात्र कोणत्याही यंत्रावर सोडावी लागते. जोर दिला की मोटर गुदमरते, केस आडवे होतात आणि टोकांऐवजी त्यांच्या कुशी घासू लागतात. पेन धरावे तसे हलके धरून यंत्राला आपले काम करू द्यावे, हे माझ्या हाताला समजायला महिना गेला.

डोक्यांचा प्रश्न सर्वांत त्रासदायक ठरला. चारपैकी स्पंजाचे डोके पहिल्याच आठवड्यात फाटले आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. गोल डोके गरम पाण्यात गेले, ती चूक माझी. उरलेली दोन अजून शाबूत आहेत, पण त्यांच्या जोडीला सुटी डोकी मागवायला गेले तर ती विक्रीतून गायब झाली होती, आणि दुसऱ्या नावाने दिसायला हुबेहूब तसेच असलेले डोके मागवले तर त्याची खाच अर्ध्या मिलिमीटरने वेगळी निघाली. म्हणून यंत्र घेतानाच सुट्या डोक्यांचा एक संच बरोबर घ्यावा आणि तो मिळत नसेल तर ते यंत्र घेऊच नये. ज्यांचे हात धडधाकट आहेत आणि घर लहान आहे त्यांना वीस रुपयांचा दातांचा ब्रश, खाण्याचा सोडा आणि दहा मिनिटांचा धीर पुरेसा आहे. ज्यांना मनगटाचा, अंगठ्याचा किंवा संधिवाताचा त्रास आहे त्यांनी हजार-दीड हजार जरूर खर्च करावेत. माझ्याकडे आता सांध्यांसाठी एक आणि पुरणयंत्रासाठी एक अशी दोनच डोकी राहिली आहेत, ब्लीचचे लाल दोऱ्याचे काम पुन्हा जुन्या ब्रशाकडे गेले आहे, आणि या दिवाळीला सोऱ्याची चकती आधी करायची की समई, हे केसांची अवस्था पाहून ठरवावे लागेल.