समलिंगी आणि उभयलिंगी विद्यार्थ्यांविषयीचे शिक्षक-प्रशिक्षण : दोन दिवसांनंतरचा अभिप्राय

आमची माध्यमिक शाळा आणि तिला जोडून असलेले कनिष्ठ महाविद्यालय यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर एका स्वयंसेवी संस्थेकडून हे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले की शाळा ओळखू येईल, आणि शाळा ओळखू आली की ज्या विद्यार्थ्यांमुळे याची गरज भासली तेही ओळखू येतील. असे प्रशिक्षण घ्यावे की नाही या विचारात असलेल्या मुख्याध्यापकांसाठी हा अभिप्राय आहे.

पहिली सकाळ कायद्यात गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून वगळले आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, एवढे बहुतेकांनी ऐकलेले होते. नवे होते ते पुढचे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी एका समलिंगी जोडप्याच्या याचिकेवर ७ जून २०२१ चा आदेश देण्यापूर्वी, या विषयाची आपल्याला पुरेशी जाण नाही असे मान्य करून, एका मानसशास्त्रज्ञांकडून तो समजून घेतला होता, हे ऐकल्यावर निवृत्तीला आलेले आमचे एक सर वर्तमानपत्र मिटून वही उघडून बसले. लैंगिक कल 'बदलून देण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले आहे, ही माहिती तर प्रत्येक वर्गशिक्षकाजवळ असायला हवी, कारण 'एखाद्या चांगल्या डॉक्टरांचे नाव सुचवा' असे पालक आपल्यालाच विचारतात.

शब्दांवरचे सत्र मात्र गडबडले. पुस्तिकेत स्त्री आणि पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीला 'उभयलिंगी' म्हटले होते, त्यावर विज्ञानाच्या बाईंनी शांतपणे विचारले की आम्ही वर्गात गांडूळ उभयलिंगी असते असे शिकवतो, तर मुलांना यातला फरक कसा सांगायचा. प्रशिक्षकांकडे उत्तर नव्हते. शेवटी बाईंनीच तोड काढली : जीवशास्त्रात हा शब्द शरीररचनेविषयी येतो, इथे तो आकर्षणाविषयी आहे, आणि हे वर्गात आधीच सांगून टाकले की हसण्याचे निमित्त उरत नाही. उरलेली पुस्तिका इंग्रजीत होती, म्हणजे मराठी माध्यमाच्या शाळेत ती कपाटातच राहणार.

या प्रशिक्षणाचे मोल खरोखर ज्यात आहे तो दुसऱ्या दिवशीचा दीड तास. दहावीतली एक मुलगी शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिकेकडे येते आणि आपल्याला एक मैत्रीण आवडते असे सांगते, एवढाच प्रसंग जोडीजोडीने करून दाखवायचा होता. आम्हा सोळा जणांपैकी अकरा जणांनी, त्यात मीही आलो, दोन-तीन समजुतीची वाक्ये बोलून झाल्यावर 'तुझ्या आईला बोलावून घेऊ' असे म्हटले. आमच्या लेखी ती जबाबदारी होती. प्रशिक्षकांनी प्रत्येकाला एकच प्रश्न केला : घरी कळल्यावर काय होईल हे तुम्ही तिला विचारले का? मग त्यांनी एकेक शक्यता मांडली. फोन काढून घेतला जाईल, मैत्रिणीच्या घरी भांडण जाईल, शाळा बंद होईल, एखाद्या बाबाकडे नेले जाईल, आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत स्थळे पाहायला सुरुवात होईल. त्यानंतर तोच प्रसंग पुन्हा केला, तेव्हा आमची वाक्ये बदलली होती. 'हे वय असते, जाईल' असे म्हणायचे नाही. खोदून विचारायचे नाही. आणखी कोणाला माहीत आहे, घरी सुरक्षित वाटते का, आणि मी काय करावे असे तुला वाटते, एवढेच विचारायचे. गरज वाटली तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यायचा, तिथे मराठीत बोलता येते. स्वतःला इजा करण्याचा विचार बोलून दाखवला, तर गोपनीयतेला मर्यादा आहे हे तिला आधी सांगून मगच पुढचे पाऊल उचलायचे.

नेमक्या याच ठिकाणी प्रशिक्षणातली मोठी उणीव दिसते. अठरा वर्षांखालील मुलांचा लैंगिक संबंध संमतीने असला तरी मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरतो आणि अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना देण्याचे बंधन असते. आवडणे सांगणे वेगळे आणि संबंध सांगणे वेगळे. पण ही सीमा कुठे येते आणि त्याआधी विद्यार्थ्याला सावध कसे करायचे, हे विचारल्यावर 'तुमच्या वकिलांना विचारा' असे उत्तर मिळाले. शाळेत कोणाचे वकील असतात?

दुसरी उणीव उदाहरणांची. छळाची जवळजवळ सगळी उदाहरणे 'बायल्या' म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलांची होती, जणू हळू बोलणारा प्रत्येक मुलगा समलिंगी असतो आणि समलिंगी मुली शाळेत नसतातच. मुलींना कोणी चिडवत नाही, त्यांना एकमेकींपासून वेगळ्या बाकांवर बसवले जाते, आणि ते काम शिक्षकच करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कलावरून होणारा छळही येतो, हे सांगितले गेले. पण ते नियम उच्च शिक्षण संस्थांसाठी आहेत आणि अकरावी-बारावीला लागू होत नाहीत, हे आमच्याच एका प्राध्यापकांना सांगावे लागले.

नंतर तीन महिने फोनवर मार्गदर्शन मिळेल असे ठरले होते. आम्ही चारदा फोन केला आणि एकदाच बोलणे झाले, पण ते एक बोलणे नेमके आणि उपयोगाचे होते.

तरीही मी हे प्रशिक्षण घ्या असेच सांगेन, मात्र पैसे भरण्यापूर्वी मराठी पुस्तिका आणि पॉक्सोवर स्वतंत्र तास लेखी मागून घ्यावा, आणि पहिला दिवस अर्ध्यावर आणून तो प्रसंग करून दाखवण्याचा वेळ दुप्पट करायला सांगावे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही बसवावे. आम्ही ते केले नाही. कोणता मुलगा मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाकडे फिरकत नाही आणि तास सुरू झाल्यावरच परवानगी मागून जातो, हे नंतर आम्हाला शिपाई मावशींकडून कळले. त्यांना ते दोन वर्षांपासून माहीत होते.